न दिलेली यादी

सोमवार, ८ जून

ज्यांची आई कायम सभेला गेलेली असते अशा जगातल्या तमाम मुलींनो, आणि त्यांतल्या माझ्या एकुलत्या एका मुली,

तुमची तक्रार मला पाठ आहे. शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा आई नव्हती. ताप चढला तेव्हा आई मोर्चात होती. आणि जेव्हा घरी होती तेव्हा ती बोलत होती, ऐकत नव्हती. तक्रार खरी आहे. मी हॉस्पिटलातली परिचारिका आणि तिथल्या युनियनची अध्यक्ष. तीस वर्षं आयांची, सफाई कामगारांची, कारकुनांची गाऱ्हाणी साहेबांपुढे मांडली. घरातलं गाऱ्हाणं मात्र कधी कामकाजात घेतलं नाही.

ठमे, हसू नकोस. भाषणासारखी सुरुवात केल्याशिवाय माझा हातच चालत नाही. आत्ता बाबा मागून डोकावले आणि म्हणाले, "आभार मानतेयस की निवेदन देतेयस?" मी म्हटलं, "प्रूफं तपासायची तुमची खोड छापखान्यात ठेवून येत जा." ते गेले, पण जाताना तुझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवून गेले. हा माणूस दर रविवारी कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जातो आणि अर्धा तास तुझ्याशी बोलतो. वाळत घालायला चार रुमाल असतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. तूही सांगू नकोस, त्यांची मजा जाईल.

पत्र कागदावर का, असं विचारशील. माझ्या नावानं आलेला निरोप डोळे झाकून उघडू नये, हे तूच जगाला शिकवतेस. मग माझा मेल तू कशाला उघडशील? शिवाय तीन वर्षांपूर्वी जे बोलले ते माइकवरून बोलले. आज जे म्हणायचंय ते माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात असलेलं बरं.

मला तुझे आभार मानायचे आहेत.

झालं ते तुला माहीत आहे. पण माझ्या तोंडून तू ते एकदाच ऐकलंस, तेही चारशे लोकांच्या मागे उभं राहून. म्हणून पुन्हा सांगते, या वेळी आवाज न चढवता.

तू चोवीस वर्षांची होतीस. सायबर सुरक्षेच्या कंपनीतलं तुझं पहिलं स्वतंत्र काम, आणि ते नेमकं आमच्या हॉस्पिटलात. फसव्या मेलला किती लोक फसतात हे पाहायला तू एक लुटुपुटूचा हल्ला केलास. एकशे चाळीस जणांना मेल गेला: 'साथींनो, रजांची नवी यादी लागली आहे. तुमचा हक्क तुम्ही तपासायचा, दुसऱ्यानं नाही. आत्ताच पाहा.' खाली सही माझी. एकसष्ट जणांनी त्यातली लिंक दाबली. का नाही दाबणार? भाषा माझी होती. युनियनच्या कचेरीत टेबलाखाली बसून पत्रकांच्या घड्या घालता घालता तू ती उचललीस. कुठे थांबायचं, कुठे हाक मारायची, कुठे माणसाच्या रागाला हात घालायचा, सगळं.

निकाल कानावर आला आणि मी पेटले. कामगारांच्या विश्वासाचं आमिष केलंस, आणि वर त्याला आईचं नाव लावलंस, असं माझं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता फाटकासमोर सभा घेतली. तू फाटकाच्या आत उभी होतीस, गळ्यात कंपनीचा बिल्ला. मी जे वाक्य बोलले ते इथे लिहीत नाही. त्यात 'फितूर' होतं आणि 'माझ्या पोटी' होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. तू बिल्ला सरळ केलास आणि आत गेलीस. त्यानंतर तीन वर्षं आपण बोललो नाही.

आता मला जे मेलं तीन वर्षं कुणी सांगितलं नाही, ते ऐक. आमच्या हॉस्पिटलातला वायरवाला तुला आठवतो ना? त्याच्या हुद्द्याचं नाव दोन ओळींचं आहे, पण कॉम्प्युटर बंद पडला की सगळे 'वायरवाल्याला बोलवा' म्हणूनच ओरडतात. गेल्या महिन्यात सहज बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, तुमच्या मुलीकडे साहेबांनी यादी मागितली होती. एकसष्ट नावं. नोटिसा द्यायच्या होत्या. मी तिथेच अहवाल दाखवायचा पडदा लावत होतो."

"मग?"

"मग काय! पोरगी म्हणाली, अहवालात आकडा असतो, नावं नसतात, ही आमच्या धंद्याची रीत आहे. साहेब म्हणाले, काम आम्ही दिलंय. तर म्हणते कशी, काम दाराच्या कड्या तपासायचं दिलंत, घरातली माणसं रांगेत उभी करायचं नाही. साहेबांनी तिच्या कंपनीला फोन लावला. कंपनी म्हणाली, देऊन टाक. तिनं त्यांच्या डोळ्यांसमोर यादी पुसून टाकली, गळ्यातला बिल्ला टेबलावर ठेवला आणि निघून गेली."

"कधीची गोष्ट ही?"

"तुमची सभा झाली ना, त्याच दिवशी. चार वाजता."

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"ताई, तुम्ही कुणाला बोलू देता का?"

ठमे, एक वाजता मी तुला फितूर म्हटलं आणि चार वाजता तू माझ्या एकसष्ट माणसांसाठी नोकरी सोडलीस. त्यांतल्या एकालाही नोटीस आली नाही. आम्ही समजलो, युनियनच्या दणक्यानं साहेब घाबरले. मी तर विजयसभा घेतली.

मला आश्चर्य वाटायला नको होतं. कॉलेजात असताना निकालाच्या संगणकात तुला भगदाड सापडलं होतं. कुणाचेही गुण कुणालाही बदलता येत होते. तुझ्या स्वतःच्या एका विषयात पास व्हायला दोन गुण कमी होते. तू ते दोन गुण तसेच ठेवलेस आणि प्राचार्यांना जाऊन भगदाड दाखवलंस. त्यांनी तुलाच आठवडाभर घरी बसवलं. नंतर तू तो विषय पुन्हा दिलास आणि सुटलीस. तेव्हाही मी कुठल्यातरी अधिवेशनात होते. परत आले तेव्हा तू इतकंच म्हणालीस, "आई, भोक बुजवलं त्यांनी." मी म्हटलं, "जेवलीस का?"

त्या मुलीचे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली. मानते. मनापासून मानते. बाबांच्या फोनवर तुझं एक व्याख्यान ऐकलं. निवृत्त मंडळींना सांगत होतीस, 'चोर तुमच्या मूर्खपणावर जगत नाही, तुमच्या चांगुलपणावर जगतो.' मग थांबलीस. मी मोजलं, तीन श्वास. तिथे तेवढंच थांबायला मला वीस वर्षं लागली होती, आणि तू सत्ताविसाव्या वर्षी थांबतेस.

उत्तर पाठवलंच पाहिजेस असं नाही. आभार मानायचे होते, आणखी काही नाही.

तुझी,
आई


शनिवार, १३ जून

ठमे,

'आणखी काही नाही' हे मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. आभार खरे होते, पण त्यांच्या मागे एक काम उभं होतं. तीस वर्षं मागण्या लिहिण्यात गेली. आधी दोन गोड वाक्यं आणि मग मागणी, ही सवय माझ्या मनगटातच बसली आहे. तुझ्याशी तसं वागायचं नाही असं ठरवलं आणि तसंच वागले. माफ कर आणि वाच.

वायरवाल्याशी तुझा विषय 'सहज' निघाला नव्हता. गेल्या महिन्यात आमच्या हॉस्पिटलावर खरा हल्ला झाला.

मनीमावशी तुला आठवते? नोंदणी विभागातली कारकून. मांजरीच्या पावलांनी येते, मांजरीच्या पावलांनी जाते, म्हणून मनीमावशी. आवाज इतका हळू की तिच्याशी फोनवर बोलणारा माणूस 'लाइन तुटली' म्हणून फोन ठेवतो. माझ्या मोर्चात घोषणेला नुसते ओठ हलवते. एकदा मी म्हटलं, "अगं, आवाज काढ ना!" तर म्हणाली, "काढलाय की, ताई."

सकाळची सव्वादहाची वेळ. तिच्या खिडकीपुढे साठ माणसांची रांग. त्यात एका डॉक्टरच्या नावानं मेल आला: रुग्ण टेबलावर आहे, जुना अहवाल लगेच पाहून सांगा. मनीमावशीनं लिंक दाबली. पडदा लुकलुकला आणि फायलींची नावं एकेक करून बदलायला लागली.

तिनं काय केलं असेल? खुर्चीवर चढली. छप्पन्न वर्षांची, गुडघे दुखणारी बाई खुर्चीवर चढली आणि तीस वर्षांचा साठवलेला आवाज एकदम बाहेर काढला: "मी चुकीचं दाबलंय! तारा ओढा! सगळ्यांनी तारा ओढा!" पहिल्या मजल्यावरून वायरवाला धावत आला. त्याला वाटलं, आग लागली. तो येईपर्यंत तिनं स्वतःच्या आणि शेजारच्या दोघींच्या तारा उपटल्या होत्या. नोंदणीतली अकरा यंत्रं गेली. शस्त्रक्रियेचा विभाग, प्रयोगशाळा, औषधांचा साठा आणि अतिदक्षता विभाग, सगळं वाचलं. त्या वेळी दोन शस्त्रक्रिया चालू होत्या, त्या ठरल्याप्रमाणे पूर्ण झाल्या.

मी तिला विचारलं, "तुला हे सुचलं कसं गं?"

ती पुन्हा आपल्या मांजरीच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या मुलीनं सांगितलं होतं ना. दाबलंत तर लाजू नका, लपवू नका, मोठ्यांदा सांगा आणि तार ओढा."

"तू गेली होतीस तिच्या व्याख्यानाला? मी बहिष्कार घातला होता!"

"चहा होता," ती म्हणाली. मग म्हणाली, "आणि पोर एकटी उभी होती हो, ताई."

फाटकावरच्या सभेनंतर, त्याच दुपारी दोन वाजता ठेवलेल्या तुझ्या त्या तासाला नऊच माणसं आली होती. माझ्या शब्दाखातर बाकीचे आले नाहीत. त्या नवांतल्या एकीनं हॉस्पिटल वाचवलं. म्हणजे तू वाचवलंस. तिच्या वतीनं, त्या दोन टेबलांवरच्या रुग्णांच्या वतीनं आणि माझा बहिष्कार मोडणाऱ्या त्या चहाच्या वतीनं तुझे आभार.

आता काम. प्रशासनानं मनीमावशीची चौकशी लावली आहे. तिनं दाबलं, म्हणून तिला काढायचं. निवृत्तीला चार वर्षं राहिली आहेत. परवा गुरुवारी समितीची पहिली बैठक झाली. तिच्या बाजूनं मी होते. समितीचे अध्यक्ष म्हणजे हॉस्पिटलाचे नवे प्रशासक. अत्यंत सभ्य माणूस. आवाज चढवत नाही, स्वतः उठून खुर्ची देतो. असल्या माणसाशी भांडणं फार कठीण.

"तुम्ही दाबलंत?" त्यांनी तिला विचारलं.

"हो," मनीमावशी म्हणाली.

"मग तथ्याबद्दल वाद नाही."

मी उठले. म्हटलं, "वाद आहे. हिनं दाबलं आणि सांगितलं. हिला काढलंत तर उद्या दुसरी दाबेल आणि गप्प बसेल. गप्प बसलेल्या बाईच्या पाच मिनिटांत तुमचा अतिदक्षता विभाग बंद पडेल. शिक्षा चुकीला द्यायची की कबुलीला, हे आधी ठरवा!"

ते म्हणाले, "ताई, बोलता छान. पण शहाणी माणसं असलं काही दाबतच नाहीत. मला शहाणी माणसं हवीत." मग त्यांनी वायरवाल्याला विचारलं, मुख्य परिचारिकेला विचारलं. दोघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं की आम्ही कधी दाबलेलं नाही. मग पुढची तारीख पडली, २५ जून.

तू या विषयातली जाणकार आहेस. समितीसाठी एक पानभर लिहून पाठव. किती लोक दाबतात, कबुली का महत्त्वाची, जे तुला योग्य वाटेल ते. माझ्यासाठी करू नकोस. मनीमावशीसाठी कर.

आई


बुधवार, १७ जून

ठमे,

काल तुझं पाकीट आलं. तीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. बाबांनी ते माझ्याआधी उचललं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "जड आहे." मग दाराशीच उभे राहिले. मी वाचेपर्यंत हलले नाहीत.

समितीसाठीचं पान वाचलं. असं पान मला लिहिता आलं नसतं. एकही विशेषण नाही आणि तरी माणूस जागचा हलतो. पत्र मिळालं त्याच दिवशी तू ते लिहिलंस, हे तारखेवरून कळलं. मी तुला जे बोलले होते त्यानंतर, माझ्या एका शब्दावर, त्याच दिवशी. तुझे किती आभार मानू?

आणि त्याला टाचलेली ती चिठ्ठी. चारच ओळी. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवताना तिसऱ्या ओळीला मी ती त्यांच्या हातात दिली, चौथी त्यांनी वाचली.

'मनीमावशींना सांग, त्यांनी अगदी बरोबर केलं.
तार किती मिनिटांत ओढली, ते वायरवाल्याकडून लिहून घे.
तुझ्या पत्रात एक भोक आहे.
अध्यक्षांनी सगळ्यांना विचारलं, मग तुला का नाही विचारलं?'

कसं सापडतं तुला? दोन पत्रं मी घासूनपुसून लिहिली. प्रूफं तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून ती सुटली. आणि तू सरळ जाऊन तिथेच बोट ठेवलंस.

विचारलं होतं. मुख्य परिचारिकेनंतर ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "ताई, तीस वर्षं तुम्ही इथे आहात. या लोकांत सगळ्यांत जास्त वाचलेल्या तुम्ही. खरं सांगा, तुम्ही असलं काही दाबलं असतं?"

मी म्हणाले, "चौकशी माझी नाही."

ते हसले. टोचून हसले नाहीत, आदरानं हसले. "तुम्ही दाबलं नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "माझा मुद्दा तोच आहे. ताईंसारखं वागता येतं. ज्यांना येत नाही त्यांनी इथे बसू नये." आणि त्यांनी ते लिहून घेतलं. ठमे, मनीमावशीला काढायचं कारण म्हणून आता कागदावर माझं उदाहरण आहे. मनीमावशी शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिलाही ते पटलं होतं.

आता भोक बुजवते.

तुझा तो रजांच्या यादीचा मेल मलाही आला होता. सकाळी अकराला, बदलीच्या परिचारिकेची वाट पाहत जिन्यात उभी होते. सही माझी. मी असा मेल पाठवलेला नव्हता, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी मला तर कळायला हवं होतं. वाटलं, चिटणीसानं माझ्या नावानं काढला असेल. मग मी तो वाचला. 'तुमचा हक्क तुम्ही तपासायचा, दुसऱ्यानं नाही.' वाचून इतकं बरं वाटलं! म्हटलं, वा, काय लिहिलंय मी! पुढे आणखी काय लिहिलंय ते पाहायला लिंक दाबली.

बाकीचे साठ जण रजेसाठी फसले. मी स्वतःच्या कौतुकात फसले.

पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, 'हा सराव होता. घाबरू नका, चूक कुणाकडूनही होते.' मी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी फाटकावर उभी राहिले आणि गरजले. तो सगळा राग कामगारांसाठी होता, असं मी तीन वर्षं मानत आले. थोडा होता. उरलेला माझ्या लाजेचा होता, आणि लाज झाकायला तू समोर सापडलीस.

आणि तुला माहीत होतं. माइक माझ्या हातात होता, पण यादी तुझ्या हातात होती. मी 'फितूर' म्हणाले त्या क्षणी तू फाटकातून दोन पावलं पुढे येऊन एक नाव उच्चारलं असतंस, तर सभा तिथेच संपली असती. माझं अध्यक्षपदही संपलं असतं. तू ते नाव साहेबांना दिलं नाहीस, कंपनीला दिलं नाहीस, बाबांना गच्चीवर दिलं नाहीस. मलाही कधी ऐकवलं नाहीस. एवढं गप्प राहणं मला या जन्मात जमलं नसतं.

हजार सभांतून मी 'विश्वास' या शब्दावर बोलले आहे. तो शब्द तू एका दुपारी, न बोलता, पाळून दाखवलास. तू माझी मुलगी आहेस याबद्दल मी कृतज्ञ आहे, असं लिहायला घेतलं होतं. वाचल्यावर लक्षात आलं की त्यातही मी स्वतःचंच कौतुक करून घेतेय. म्हणून नुसतं लिहिते: मी कृतज्ञ आहे.

उद्या मनीमावशीला सांगते. मग अध्यक्षांना.

आई


शनिवार, २० जून

ठमे,

सांगितलं. कुणीही विश्वास ठेवत नाही.

आधी मनीमावशीकडे गेले. ती कागदी वहीत नोंदी करत बसली होती. सगळं ऐकलं आणि माझा हात धरून म्हणाली, "ताई, माझ्यासाठी खोटं बोलू नका हो. मी जाईन घरी." मी म्हटलं, "अगं बाई, मी खरं बोलतेय!" तर म्हणते, "तुम्ही नेहमी असंच करता. मागे आयांच्या संपातही सगळं अंगावर घेतलंत."

वायरवाल्यानं ऐकलं आणि तो चक्क हसायला लागला. "ताई, पचणारं तरी काहीतरी सांगा."

बाबांना सांगितलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मला माहीत होतं." मी उडालेच. "कुणी सांगितलं?" तर म्हणाले, "त्या आठवड्यात तू एकही पत्रक काढलं नाहीस. मी छापखान्यात वाट पाहत होतो." हा एकटा माणूस माझ्या बाजूचा साक्षीदार, आणि तो नवरा!

काल अध्यक्षांना लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, तुझं पानही वाचलं. म्हणाले, "तुमच्या मुलीचं म्हणणं अभ्यासू आहे. पण त्यात आकडे आहेत, माणूस नाही. आणि तुमच्या या कबुलीबद्दल मला आदर वाटतो. पुढारी आपल्या माणसासाठी अंगावर घेतो, हे मला समजतं. पण पुरावा? यादी तर पुसलेली आहे." मग कागद खाली ठेवून म्हणाले, "ताई, तुमच्यासारख्या बाईनं खरंच दाबलं असेल, तर मला माझं मत बदलावं लागेल. मी तेवढा हट्टी नाही. पण तुमच्या शब्दावर नाही बदलणार." मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या, पण माणूस बरोबर बोलत होता.

इतकी वर्षं माझा शब्द लोकांनी खरा मानावा म्हणून झटले. आता एकदाच, तो त्यांना माझ्याच विरुद्ध खरा वाटायला हवा, तर वाटत नाही.

तर ऐक. ती यादी आता फक्त तुझ्या डोक्यात आहे, आणि चाचणी तूच घेतली होतीस, म्हणून तुझी साक्ष हाच उरलेला पुरावा. त्यातली साठ नावं तुझी नाहीत आणि माझीही नाहीत. ती तू मरेपर्यंत कुणाला देऊ नकोस, मागणारी मी असले तरी. एकसष्टावं माझं आहे. त्याच्यावर हक्क माझा, आणि तो वापरायची परवानगी मी तुला या कागदावर सही करून देते आहे. धंद्याची रीत मोडत नाही. मालकानंच दार उघडलं आहे.

युनियनची निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. हे बाहेर आलं की विरोधक फलकावर लिहितील: स्वतःच्याच सहीला फसलेली अध्यक्ष. लिहू देत. मला तीस वर्षं मिळाली. मनीमावशीला उरलेली चार मिळायला हवीत. आणि यापुढे त्या इमारतीत जो कुणी चुकीचं दाबेल, त्याला खुर्चीवर चढून ओरडायची हिंमत राहायला हवी.

बैठक संपल्यावर माझ्याशी बोललीस तर मला आनंद होईल. नाही बोललीस तरी मी रागावणार नाही. तू आजवर दिलंस तेवढंच मला पुरून उरतं. बाबा स्टेशनवर येतो म्हणतात. बैठकीत मी तुझ्यामागे बसेन आणि, शपथ घेते, तोंड उघडणार नाही.

गुरुवारी, २५ जूनला, सकाळी अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या डाव्या हाताची खोली. तिथे ये, समितीसमोर उभी राहा आणि माझं नाव सांग.

तुझी,
आई